निकालाआधी नीघ

पासपोर्ट कचेरीतल्या बाकावर शिवणकामवाल्या मावशी टोकन धरून बसल्या होत्या. शेजारी एक तरुण शिक्षिका आणि तिचे म्हातारे गुरुजी अचानक भेटले होते. कान बंद करता येत नाहीत, म्हणून मावशी ऐकत होत्या.

"गुरुजी, तुमचा पहिलाच पासपोर्ट?"

"दुसरा. पहिला कोराच संपला."

"कोरा?"

"परदेशातल्या शाळेनं बोलावलं होतं. तुझ्यासारखंच."

"मग गेला का नाहीत?"

"म्हटलं, एवढी चौथी पार पडू दे. तर निकालाच्या दिवशीच नवी पोरं दारातून डोकावायला लागली. भागाकार सगळ्यांचा कच्चा. म्हटलं, अजून एकच वर्ष."

"मी चुकतेय का, गुरुजी? तिथे पगार तिप्पट आहे. इथे पालक फोनवर झापतात."

"छे गं, खुशाल जा."

"निकाल लावूनच निघेन. पोरांना शब्द दिलाय."

"निकालाआधी नीघ."

मावशींनी टोकनाची घडी घातली, उलगडली.

"गुरुजी, ती नवी चौथी... आमचीच ना?"

"तुमचीच. दारात सगळ्यांच्या पुढे तूच होतीस."