बोटांना पाठ असलेला पासवर्ड

लग्न होऊन महिना झाला नाही तोच सासरी माझ्या मांडीवर काय आलं असेल, ओळखा! कंपनीचा कॉम्प्युटर.

बोईसरला सासऱ्यांचा रबरी वॉशरचा छोटा कारखाना आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर, आणि त्याचा पासवर्ड एकट्या दामूकाकांना ठाऊक. हे आमचे जुने अकाउंटंट. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन ते सरावलीला घरी पडलेले, आणि इकडे माल भरलेला ट्रक बिलासाठी गेटवर अडलेला. मी फोन लावला.

"काका, पासवर्ड सांगा ना."

"सांगता नाय येत, सूनबाई. बोटांना म्हाईत हाय."

मग काय! मॉनिटर ह्यांनी धरला, कॉम्प्युटरचा डबा मी मांडीवर घेतला आणि रिक्षा सरावलीला. माझा हिरवा चुडा बघून काकांची शेजारीण म्हणाली, "सून रुखवत घेऊन आली वाटतं!"

काकांनी काळ्या चष्म्याआडून पासवर्ड मारला. मोबाइलच्या नेटवरून बिल कारखान्यात गेलं, ट्रक सुटला.

ह्यांनी तिथेच जाहीर केलं, "आता सगळं क्लाउडवर. कुठूनही उघडेल, कोणीही उघडेल."

काकांचा चेहरा उतरला. "म्हंजे माजी गरज नाय आता?"

आमच्या मागोमाग आलेले सासरे म्हणाले, "दामू, आजारपणात तरी तुला कोणी उठवू नये, म्हणून हे."

नव्या सॉफ्टवेअरलाही काकांनी जुनाच पासवर्ड ठेवला. माझी बोटं धरून, एकेक बटण दाबत, मलाही शिकवला.

आता तो मलाही येतो. फक्त सांगता येत नाही.