मशीन जनकाले वळखते

दोन हजार एकोणीस साल, कार्तिक महिना, कपाशीची दुसरी वेचणी, अन् मी सुलतानपुरात फहीमच्या मोबाइल दुकानात पाचव्यांदा बसलेला... तुम्हाले सांगतो, व्हिडिओ टाकाच्या मशीनचं एकच पालुपद, हे पहिलेच पाह्यलं!

काय पहिलेच पाह्यलं बे? बायको माही, वावर माहं, कापूस माहा! बोंडअळीच्या साली, सतराले, माही जनका कमरेले कापसाची ओटी बांधून वेचत होती, वेचता वेचता गात होती, तं खुर्शीदाबाईनं, म्हंजे या फहीमच्या मायनं, मोबाइलात घेतलं. संक्रांतीले जनका गेली. अन् तो व्हिडिओ हिंडत हिंडत कोन्या हरामखोराच्या चॅनेलवर गेला, त्यानं खाली लिवलं, 'खानदेशची आजी'. खानदेशची! जिनं जनमात मेहकरच्या पलीकडं पाय टाकला नाही!

मले दुसरं काही नको. खाली नाव पायजे. जनकाबाई इंद्रभान, मुक्काम सुलतानपूर. बस. म्हून तोच व्हिडिओ आमच्या नावानं टाकू गेलो, तं मशीन घेतच नाही.

फहीम म्हणे, "आबा, मशीन व्हिडिओचा ठसा घेते. चित्राचा अलग, आवाजाचा अलग. त्यानं पहिले टाकला, आता तुमचाच डुप्लिकेट." मंग म्हणे, मशीन फसते का, उलटा करून पाहू. आरशावानी फिरवला, तं जनका डाव्या हातानं वेचू लागली! म्या म्हटलं, थांबव, हे माही बायको नाही! मशीन म्हणे, तेच हाय, हे पहिलेच पाह्यलं. पळवला, तं तिचा आवाज चिमणीवानी... पहिलेच पाह्यलं. कडा कापल्या, काळाकुट्ट केला... वळखलंच! आता तुम्हीच सांगा, राशनच्या मशीनले माहा अंगठा वळखू येत नाही, पन्नास वर्षं वखर धरून रेघा झिजल्या, मी समोर जित्ता उभा, तरी इचारते, हा कोन? अन् हे गेलेली बाई, उलटी करा, पालथी करा, लगेच वळखते! खरं सांगू? राग कमी, हेवा जास्त. मले तं डोये मिटले की तिचा आवाजच आठवत नाही आता.

शेवटी फहीम म्हणे, "आबा, मांगून कापू." मांगचं म्या कधी ऐकलंच नव्हतं, गाणं सरलं की मी बंद करत होतो... काऊन, ते इचारू नका. त्यानं लावलं, तं गाण्यामांगून जनका बोलली, "खुर्शीदा, आज तू माह्या वावरात वेचलं, सोमवारी मी तुह्या वावरात येते. सावड ठेवत नाही मी कोनाची."

सावड म्हंजे दिवसाले दिवस. शनिवारी ती तापानं पडली ते पडलीच. दोन वर्षं खुर्शीदाबाई रोज धुऱ्यावर भेटली, पन या राह्यलेल्या दिवसाचा एक शब्द नाही काढला!

फहीम म्हणे, "कापू का?" म्या म्हटलं, हात लावू नको.

सोमवारी जनकाची ओटी कमरेले बांधली अन् खुर्शीदाबाईच्या वावरात उतरलो. खुर्शीदाबाई म्हणे, "भाऊ, हे काय? वेचणी तं बायांचं काम!"

म्या म्हटलं, "पहिले पाह्यलं काय असं कुठं?"

"नाही हो."

"मंग पाह्य."

दिसभर वेचला. सावड फिटली.