आमदारकीला उभा होता

चहा निवला तर निवू दे, आधी आमच्या दाऊदचं ऐका. सौदीत राबिघला रिफायनरीत फोरमन आहे, पण नव्या माणसाला ओळख देताना म्हणणार, "मी आमदारकीला उभा होतो." रियाधहून त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही तेच. मला राहवतंय होय! म्हटलं, "उभा होता, मग आडवा झाला तेही सांग की!"

दाऊदच्या बायकोने असं बघितलं की मी समोशात तोंड लपवलं.

मुलाच्या बापाने विचारलं, "कुठला मतदारसंघ?"

"आपला खाडीकाठचा. फेररचनेत मोडला तो."

"अरे, आमचं गाव त्यातच!" पाहुणा खुलला आणि लगेच ओशाळला. "दाऊदभाई, माफ करा, तुम्हाला पाडणाऱ्यांत मीपण होतो. आपल्याकडे दर खेपेला माणूस बदलायची खोडच होती ना, त्या खेपेला तुमच्यासमोरचा दुसरा नवा माणूस आवडला!"

मी म्हटलं, खलास, स्थळ गेलं.

दाऊदने उठून पाहुण्याला मिठीच मारली. "मी पडून उठलो, तो मतदारसंघ मात्र उठला नाही. पण आता माझी पोरगी निवडताय, तेव्हा ऐकून ठेवा. ती एकदा निवडून आली की पुन्हा निवडणूक नाही!"