पिंग नऊ

माइकवाला : ...मग मी माइकवर लोकांना सांगू काय? तीनशे माणसं बघतायत, आणि पहिलाच सामना अडकलाय.

ताई : नेट तपासतोय म्हणून सांग.

माइकवाला : ताई, सख्खा भाऊ म्हणून नियम वाकवलास तर लोक माझ्या नावानं बोंब मारतील. ऑनलाइन गेमची स्पर्धा, तीही आपल्या भागापुरती. परदेशातून खेळलं की पिंग, म्हणजे नेटला लागणारा वेळ, दोनशेच्या वर. बटण आज दाबा, ठोसा उद्या बसतो. समोरच्यानं काय जांभया देत बसायचं?

ताई : वाकवत नाहीये. माझ्याशी चाचणीचा एक राउंड, पिंग शंभरच्या वर गेलं की बाद. स्पर्धा सुरू केली तेव्हा दादानंच लिहिलाय हा नियम.

माइकवाला : मग नाव दिलंच कशाला त्यानं?

ताई : माहीत नाही. बाबा जाऊन दीड महिना झाला. तेव्हापासून नुसते मेसेज येतात त्याचे. दहा मिनिटं दे मला.

(माइकवाल्याची लाइन बंद. भावाशी वेगळा कॉल.)

दादा : छकुले, ऐकू येतंय?

ताई : येतंय.

दादा : रागावलीस?

ताई : नाही. मला हल्ली काहीच होत नाही. उठते, आईला चहा देते, सामन्यांची यादी लावते. परवा तव्यावर हात भाजला, तोही उशिरा कळला.

दादा : आई कशी आहे?

ताई : बाबांचा चष्मा पुसून ठेवते रोज. चल, तुझा नेहमीचा पैलवान घे. एकच राउंड.

दादा : हरलीस तर रडायचं नाही हं.

ताई : खेळ.

दादा : अगं, लाथ थोपवलीस? कधी शिकलीस हे?

ताई : शिकले नाही. तू मारलीस आणि मला दिसली. मध्ये वेळच गेला नाही. वर कोपऱ्यात आकडा बघ.

दादा : कुठला?

ताई : पिंगचा. नऊ.

दादा : इकडे नेट जबरदस्त आहे.

ताई : दादा, आपल्या मागच्या गल्लीतला न्हावी खेळतो ना, त्याचं अकरा येतं.

(दादाचा पैलवान जागच्या जागी थांबतो.)

ताई : आहेस का?

दादा : आहे.

ताई : कुठे?

दादा : बसस्थानकामागे खोली घेतलीय. गोदामात पेट्या उतरवतो.

ताई : कधीपासून?

दादा : गेलोच नव्हतो गं मी. एजंटानं दिलेलं नोकरीचं पत्र खोटं निघालं. विमानतळावरूनच परतलो. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, पोरगा परदेशी चालला म्हणून. कुठल्या तोंडानं दार वाजवणार? म्हटलं, दोन महिन्यांत दुसरं काही बघू, मग सांगू. दोनाचे चौदा झाले.

ताई : आणि बाबा गेले तेव्हा मेसेज केलास, तिकीट मिळत नाही.

दादा : हो.

ताई : दोन दिवस ठेवलं आम्ही त्यांना. तुझ्यासाठी. आई म्हणत होती, काहीही करून येईल.

दादा : आलो होतो. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभा होतो. रस्ता ओलांडवला नाही.

ताई : मला आता संताप यायला हवा.

दादा : येऊ दे ना मग. शिव्या घाल. काहीतरी बोल.

ताई : येत नाहीये. आज कशाला आलास?

दादा : तुझा आवाज ऐकायचा होता. घरी फोन केला तर आई उचलते, आणि तिच्याशी आता खोटं बोलवत नाही. आकड्याचं डोक्यातच आलं नाही. नियम माझा, आणि मीच विसरलो.

माइकवाला : (दुसऱ्या लाइनवर परत येऊन) ताई, दहाची बारा मिनिटं झाली. काढू का बाहेर?

ताई : नको. नियमात बसतोय. खेळव त्याला.

माइकवाला : परदेशातून बसतोय?

ताई : आपल्याच भागातला आहे तो.

माइकवाला : बरं बाई. यादीत पत्ता काय टाकू?

ताई : दादा, तो पत्ता विचारतोय.

दादा : घरचा टाकला तर... चालेल का गं?

ताई : ते मला नको विचारूस. आई घरीच आहे, तिला येऊन विचार.