बकुळ नावाचा फोटो

मंडळी, बसून घ्या. मागे ऐकू येतंय ना? मला भाषणबिषण येत नाही. पण मी रडायला उभी राहिले नाहीये. मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय.

मघापासून दारात प्रत्येकजण विचारतोय, हा हार घातलेला फोटो कोणाचा? सुनंदावहिनींचा वाटत नाही. अहो, त्यांचाच आहे. कसा सापडला ते सांगते.

मला न ओळखणाऱ्यांसाठी, मी मीनल. इथे डोंबिवलीत वहिनींचे यजमान अण्णा, त्यांच्या फोटो स्टुडिओत वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसते. अण्णांनी स्कॅनर आणला आणि जुन्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर चढवायचं काम आम्हा दोघींच्या गळ्यात पडलं. लग्नं, मुंजी, बारशी. आणि हळदी, हळदी तर विचारूच नका! प्रत्येक फोटोला नाव द्यायचं. लग्न असेल तर ऑर्डरवर नवरीचं जे नाव, तेच फोटोला. नाव टाकलं की फोटो समोर. आम्ही खूश.

मग एक दिवस दिवा गावाहून एक मुलगी आली. खाडीकाठच्या कोळ्यांची. आई नुकतीच वारलेली. लग्नाचा अल्बम पाण्यात भिजून गेलेला, घरात आईचा एक धड फोटो नाही. म्हणाली, "मावशी, संगीता नाव टाका." टाकलं. काही नाही. आडनावासकट टाकलं. तरी नाही. पोरीचा चेहरा बघवेना. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, आईचं माहेरचं नाव काय?"

पोरगी म्हणाली, "मी कधी विचारलंच नाय."

दुसऱ्या दिवशी मामाला विचारून आली. हिरा. वहिनींनी हिरा टाकलं आणि आली की हो समोर! मुंडावळ्या बांधलेली, थेट हिच्यासारखी. पोरगी पडद्याला हात लावून ढसाढसा रडली. आम्हीही रडलो. रडणारच ना?

ती गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "निर्मला, आजपासून प्रत्येकीची दोन्ही नावं."

निर्मला म्हणजे मीच. माझं माहेरचं नाव. वहिनींनी ते पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, आणि स्टुडिओत मला त्याच नावानं हाक मारायच्या. आईनंतर त्या नावानं मला हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. आता कोणीच नाही.

अण्णा वैतागले होते. अण्णा, समोर बसलायत, खोटं असेल तर सांगा. "अगं, दुप्पट काम होईल. कोण शोधतंय?" आणि वहिनी काय म्हणाल्या? "ताटातल्या तांदळात अंगठीनं तुमचं नाव बदललं असतं ना, तर तुम्हीच शोधत बसला असतात."

गेल्या आठवड्यात वहिनी अचानक गेल्या. आजच्या शोकसभेसाठी फोटो हवा म्हणून अण्णांनी सुनंदा टाकलं. एकही नाही. कसा असणार? सगळ्या गावाचे फोटो निघताना ही बाई फ्लॅशची छत्री धरून बाजूला उभी! अण्णा म्हणाले, "माझ्याच बायकोचा फोटो माझ्याकडे नाही."

मी म्हटलं, सरका. आणि टाकलं, बकुळ.

हा आला. वहिनी लग्नाआधी स्थळांना दाखवायचा फोटो काढायला आपल्याच स्टुडिओत आल्या होत्या. ऐन वेळी फिस्सकन हसल्या. दात दिसले म्हणून वडिलांनी नापास केला, दुसरा काढायला लावला. नापास निगेटिव्ह ठेवली कोणी? अण्णांनी! पुढे लग्नच केलं, आणि निगेटिव्ह विसरले; परवा बघितल्यावर आठवलं. आणि वहिनींनी गुपचूप ती स्कॅन करून स्वतःचं माहेरचं नाव तेवढं दिलं. बघा नीट. असं हसताना कोणी पाहिलंय त्यांना?

आता काम. काल अण्णा म्हणाले, स्कॅनर विकून टाकू. नाही अण्णा. सगळ्यांसमोर सांगते, विकायचं नाही. निगेटिव्हचे डबे अजून पडलेत, त्यात कितीतरी हिरा आहेत. ते मी पुरं करणार. बायांनो, तुम्ही यायचं. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून यायचं. तुमची, सासूची, जावेची, दोन्ही नावं सांगायची. आणि पुरुषहो, घरी गेल्यावर आईचं माहेरचं नाव विचारा. आई नसेल तर मामाला विचारा. लाज वाटेल, तरी विचारा.

आता सगळे उभे राहूया. गप्प राहायचंय, पण त्याआधी प्रत्येक बाईनं मनात आपलं माहेरचं नाव एकदा घ्यायचं. घेतलं? आता तिचं.

बकुळ, मी निर्मला. डबे माझ्याकडे आहेत. येते गं.