दिवस बुडायच्या आधीचं मध्यंतर

आक्का, फादर, मिंगेल, निपाणीहून आलेली मंडळी आणि दर हिवाळ्यात चर्चच्या या बाकांवर येऊन बसणाऱ्या बेळगावकरांनो,

माझं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं. वेळेत लिहायचं, दिलेल्या जागेत बसवायचं, हे मला जमतं. आज जमत नाही. सुकुमार ज्या जागी सॅक्सोफोन गळ्यात अडकवून उभा राहायचा, नेमकं तिथंच तुम्ही मला उभं केलंय.

गेल्या आठवड्यात आपल्या जॅझ महोत्सवाची बातमी मी पानात लावून ठेवली होती. सुकुमारचाच मला फोन आला, "आप्पा, बातमी बारीक करू नका. औंदा लई माणसं यायला पाहिजेत." दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीहून निरोप आला. तंबाखूच्या वखारीत बसल्या जागी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. मी ती बातमी काढली. त्याच जागेत दुसरी बसवली. फोटो मात्र बदलावा लागला नाही.

नवीन माणसं आहेत, म्हणून सांगतो. सुकुमार निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचा मुलगा. जैन घर. शिकायला बेळगावला आला आणि कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडं सॅक्सोफोन शिकून परत गेला. वडिलांना वाटलं, पोरगं बँडवाला झालं. त्याची थोरली बहीण, या आपल्या आक्का, तर तो वाजवायला बसला की विचारायच्या, "आज कुणाची वरात हाय रं?" तो म्हणायचा, "माझीच समज." लग्न त्यानं केलंच नाही. घरात दोघंच, आक्का आणि तो.

मी एकदा विचारलं, "हे जॅझ म्हणजे नक्की काय?" म्हणाला, "बाजारला जायची वाट ठरल्याली असती. पण वाटंत भेटल त्याच्याशी बोलत जायाचं. आणि बाजार चुकवायचा न्हाय." मला तरी याहून जास्त कळलेलं नाही. दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात बसणारा हा माणूस. "वखारीत श्वास धरतो आणि चर्चमध्ये सोडतो," असं म्हणायचा. आम्ही हसायचो.

महोत्सवासाठी फादरांनी हे चर्च दिलं. गोव्याहून कणकुंबीच्या घाटानं मिंगेल ड्रम घेऊन आला. पहिलं वर्ष. पुढच्या बाकांवर निपाणीचे सगळे नातेवाईक, पाठीमागं कॅम्पातली मंडळी. मिंगेल एकटाच वाजवत होता, रंगात आला होता. आणि पुढचे बाकच्या बाक उठले. आक्का सगळ्यांच्या पुढं. मिंगेलच्या हातातल्या काठ्या थांबल्या. त्यानं सुकुमारकडं बघून विचारलं, "म्हजें कितें चुकलें?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दिवस बुडायला आला होता. जैन माणूस दिवस बुडायच्या आत जेवतो, आणि वेळ ठरवताना आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. खुद्द सुकुमारच्यासुद्धा. तो माईकवर म्हणाला, "कोण रागावल्यालं न्हाय गा. दिवस बुडायलाय. जेवून या सगळी. मी थांबतो."

आणि तो थांबला. अंगणात डबे उघडले. कॅम्पातल्या बायका काय चाललंय ते बघायला बाहेर आल्या आणि शेंगाचटणी खात बसल्या. हा इथं उभाच. सगळ्यात शेवटी आक्का हात पुसत आत आल्या, बसल्या, पदर सारखा केला, तेव्हा त्यानं सॅक्सोफोन तोंडाला लावला.

पुढच्या वर्षापासून ती रीतच झाली. सूर्य बघून मध्यंतर. चर्चमधल्या बायका बिनअंड्याचा केक करायला शिकल्या. मराठी, कन्नड, कोंकणी, सगळी एका अंगणात जेवली. या भागात एका मांडवात बसायला माणसं किती कारणं काढून नकार देतात, तुम्हाला माहीत आहे. इथं कुणी नकार दिला नाही. कारण आत कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, हे प्रत्येकाला माहीत होतं.

आता अवघड बोलतो.

सभेच्या आधी मला सांगण्यात आलं, शेवटी जाहीर करा, महोत्सव ठरल्याप्रमाणे होईल. सुकुमारच्या स्मरणार्थ होईल. मी हे जाहीर करू शकत नाही. मला माफ करा. लोकांना धीर द्यायला खोटं लिहायचं नाही, एवढं एकच मी धंद्यात पाळलंय. मिंगेल इथं बसलाय. ड्रम न आणता आलाय. मघाशी म्हणाला, "म्हजे हात चलनात." हातच चालत नाहीत त्याचे. त्याला मी काय सांगू? सॅक्सोफोन वाजवणारा पुण्याहून आणता येईल, मुंबईहून आणता येईल. तो चांगलं वाजवेल. पण थांबणारा कुठून आणायचा?

मी रोज शोधतो.  मंडप, पाहुणे, परवानग्या, सगळं करता येईल आणि तरी हे चर्च रिकामंच वाटेल, अशी मला भीती आहे. तुमच्यापैकी कुणाला वाट दिसत असेल तर मला सांगा. मला दिसत नाही.

परवा निपाणीला गेलतो. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. दिवस बुडून गेला होता आणि ताट झाकून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, आक्का, जेवला नाही? म्हणाल्या, "आता कुणासाठी गडबड करू रं? माझ्यासाठी कोण थांबलंय?"  

मंडळी, खिडकीतून ऊन खाली आलंय. थोड्या वेळात दिवस बुडेल. निपाणीची बाकी मंडळी मघाशीच जेवलीत; अंगणात फादरांनी आक्कांचं पान वाढून ठेवायला सांगितलंय.

आक्का, महोत्सवाचं मला माहीत नाही. उद्याचं मला माहीत नाही. पण उठा. जेवून या.

आपण बाकीचे इथंच उभे राहूया. कुणी बोलायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. आक्का हात पुसून परत येईपर्यंत.

आक्का, सावकाश जेवा. आम्ही थांबतो.