जावयानं दाखवलेला मकबरा

...अन् त्या गार हवेचं बी एवढं कौतुक कशाला हो? पहाटेची वेळ, बाहेर आधीच गारवा सुटलेला, अन् गाडीवाल्यानं काचा लावून घेऊन वरून अजून गार वारं सोडलेलं, ते बी बराबर माझ्या टाळक्यावर. मी ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, बंद कर ते, माझं अर्धं डोकं बधिर झालंय. तर म्हणतो कसा, मावशी, तुमच्या पावण्यानं एसीची गाडी सांगितलीय. म्हंजे सांगितली म्हणून माणसानं गारठून मरावं? पण मी माझ्या डोक्याचं रडगाणं सांगायली न्हाई तुमाला. माझ्या शेजारी आमच्या जाऊबाई बसल्या होत्या, लक्ष्मीबाई. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायली.

लक्ष्मीबाई म्हंजे माझी थोरली जाऊ. आमी ताडकळसच्या. त्यांना एकच लेक, वैदेही. परभणीला दिली होती, पियुषरावांना. पियुषराव कारकून हायेत, माणूस वंगाळ न्हाई, उगं कशाला खोटं बोलू? वैदेही बाळंत झाली अन् बाराव्या दिवशी गेली. ताप चढला तो उतरलाच न्हाई. बारशाला आणलेलं सामान तसंच पिशवीत राहिलं. ते बारा दिवसाचं लेकरू लक्ष्मीबाईनं पदरात गुंडाळून गावाला आणलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, अन् आता ती ईश्वरी पहिलीत जायची झालीय. आजोबाच्या मिशा धरून घरभर फिरवते त्यांना. अन् बापाला काय म्हणते? 'परभणीचे पप्पा'. जसं काई एक पप्पा जिंतूरला हाय अन् एक चुडाव्याला.

तर ह्या परभणीच्या पप्पानं गेल्या साली दुसरं लग्न केलं. करावं, तरणा माणूस हाय, आमी कोण न्हाई म्हणणार? बायको श्रीनिधी, शिकलेली, बोलायला मऊ. अन् एक दिवस अचानक लक्ष्मीबाईला पियुषरावांचा फोन. "मामी, एक दिवसाची सहल हाय. पहाटे निघायचं, संभाजीनगरला बीबीचा मकबरा, पाणचक्की, जुने दरवाजे, गाइड सगळं समजावून सांगतो, दिवस मावळायला माघारी. ईश्वरीला घेऊन या. काकूंना बी आणा."

आता तुमीच सांगा. ज्या जावयानं इतक्या वर्षात सासूला परभणीच्या बाजारात कपभर चहा पाजला न्हाई, त्याला एकदम मोगलांची आठवण कशी झाली? लक्ष्मीबाईनं फोन ठेवला अन् तिथंच खाली बसली. म्हणली, पोरगी मागणार. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, त्याच्या आधी नेणार.

त्या दिवसापासून हिचं चालू झालं. चुलीपुढं बसली की चुलीला सांगायची, "लाज वाटंना का मागायला? पाळण्यात होती तवा कुठं होता? आता पळायला लागली तर न्यायला आलात?" भांडी घासताना भांड्याला सांगायची. धार काढताना म्हशीला सांगायची. मी म्हटलं, जाऊबाई, पुरे करा, म्हशीचं तोंडपाठ झालंय, एखाद्या दिवशी तीच बोलंल. पण हसली न्हाई. आमचे थोरले दीर, दत्तराव, ते म्हणले मी येत न्हाई. कायदा बापाकडून असतो, अन् माझं तोंड माझ्याकडून नसतं. तूच जा. पण पोरगी हातातून सोडू नको.

म्हणून आमी निघालो. मी अंधारात उठून धपाटे थापले, दही बांधून घेतलं, शेंगदाण्याची चटणी घेतली. नाष्टा त्यांच्यातच हाय म्हणून सांगितलं होतं, पण दुसऱ्याच्या नाष्ट्यावर भरवसा ठेवून भांडायला जाऊ नये.

गाडी सुटली. पियुषराव पुढच्या सीटवर, मागं वळून वळून बघायलेत. मामी, खिडकी उघडू का? मामी, पाणी देऊ का? लक्ष्मीबाई आपली नको, नको. पोटाशी ईश्वरीला धरलेलं, जसं काई पुढच्या वळणावर चोर बसलेत. जिंतूर गेलं, उजाडलं, जालन्याला नाष्ट्याला थांबलो. श्रीनिधीनं पोरीची वेणी घातली, नवा क्लिप लावला, निळ्या फुलाचा. लक्ष्मीबाई माझ्या कानात म्हणली, बघ, बकरीला पाला दाखवायलेत. मी म्हटलं, गप बसा, क्लिप हाय तो. पण मला बी तसंच वाटायलं होतं. पियुषराव इडली घेऊन आले, समोर बसले, घसा खाकरला. लक्ष्मीबाई ताठ झाली. मी धपाट्याचं फडकं बाजूला सारलं, म्हटलं झालं आता. अन् ते म्हणले, मामी, इडली गरम हाय, खाऊन घ्या.

इषय काई निघंना.

संभाजीनगर आलं. तिथं गाइड चढला, पिकल्या दाढीचा, गळ्यात माइक अडकवलेला. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला माइकमधून सांगायचा. "अब आपके दाहिने हाथ को देखिए, ये दरवाजा, इस शहर में ऐसे बहोत दरवाजे थे." दरवाजे बघितले. मोठे हायेत, मी न्हाई म्हणत न्हाई. पण दरवाज्याच्या दोन्ही अंगाला भिंतच न्हाई राहिली, गाड्या बाजूनं जायल्यात. मग आत येणाऱ्याला अडवतो कोण तो दरवाजा? लक्ष्मीबाई त्याच्याकडं बघतच राहिली. म्हणली, नुसता उभा हाय बिचारा.

मग पाणचक्की. कुठल्या तरी डोंगरातून जमिनीखालून पाणी आणलंय, ते वरून पडतंय अन् त्याच्या जोरावर जातं फिरायचं. गाइड म्हणला, इथं फकिरांसाठी पीठ दळायचे. बघा म्हंजे, त्या काळात बी कुणाला तरी कळलं होतं की दळणाला बाईच लागते असं न्हाई. मी हे मोठ्यानं म्हटलं तर तिथं बघायला आलेले चार बाप्ये हसले. हसू द्या. त्यांच्या घरी जाऊन बघा कोण दळतंय.

तिथं वडाखाली चहा आला. श्रीनिधीनं कप तोंडाला लावला अन् तसाच खाली ठेवला. तोंडाला पदर लावून बाजूला गेली. लक्ष्मीबाईचं बारीक लक्ष. बाईमाणसाला काय सांगावं लागतं का? माझा हात दाबला, म्हणली, हिला दिवस गेलेत. अन् तिचा चेहराच उतरला. म्हणली, आता कळलं का गं? नात नको हाय त्यांना. पाळणा हलवायला पोरगी पाहिजे. माझ्या वैदेहीची लेक सवतीच्या लेकराचे लंगोट धुणार.

पियुषराव आले, उभे राहिले, वडाकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, पाण्यातल्या माशाकडं बघितलं. म्हणले, लय जुनं झाड हाय.

इषय काई निघंना.

मकबऱ्याला पोचलो तवा ऊन चांगलं तापलं होतं. लांबून बघितला तर, काय सांगू, पांढराशुभ्र. मन एकदम शांत होतं. चार कोपऱ्याला चार मिनार, मधी घुमट, समोर लांबच लांब वाट. जवळ गेलं की कळतं, खाली संगमरवर हाय अन् वर चुना. आमच्या गल्लीत तेच करतेत, समोरून टाइल्स अन् मागून पत्रं. गाइड म्हणला, लोग इसको गरीबों का ताजमहल बोलते. का म्हणून? तर ताजमहाल नवऱ्यानं बायकोसाठी बांधला, अन् हा लेकानं आईसाठी बांधला. बघा, नवऱ्यानं बांधलं त्याला जगाची रांग, अन् लेकानं बांधलं ते गरिबाचं. मी तिथंच म्हटलं, नाव ठेवणारा नवराच असणार.

आत गेलो. कबर खाली हाय, खोलात. वर जाळी हाय दगडाची, तिच्यातून वाकून बघायचं. लोक वरून नाणी टाकायलेत, नोटा टाकायलेत, खाली चादरीवर पडायल्यात. सगळे बघून सरकायलेत अन् लक्ष्मीबाई जाळीला धरून उभी. हालंना. मागून लोक ढकलायलेत. मग तिनं गाइडला हाक मारली अन् इचारलं, "बाई कशानं गेली?"

गाइड थांबला. म्हणला, अम्मा, बेगम को बच्चा हुआ था. पाँचवाँ. उसके महीनेभर में गुजर गई.

लक्ष्मीबाईनं मान हलवली. तिला त्यात नवल काईच वाटलं न्हाई. म्हणली, "अन् लेकरू?"

"बच्चा बच गया."

"वाढवलं कुणी?"

आता गाइडनं माइक तोंडापासून बाजूला केला. म्हणला, "अम्मा, इत्ते साल में ये सवाल किसी ने पूछाच नहीं. महल की औरतों ने पाला होगा. बहनें थीं, दाइयाँ थीं."

"अन् बाप?"

"बाप तख्त के लिए निकल गया उत्तर को. थोड़े दिन में बादशाह हुआ."

लक्ष्मीबाई एवढंच म्हणली, होणारच. अन् पियुषराव बराबर तिच्या मागं उभे होते हो. त्यांच्या कानापर्यंत सगळं लाल झालं. मी दुसरीकडं बघितलं, घुमटाकडं. कुणाच्या फजितीकडं टक लावून बघू नये, एवढं मला चौथीपर्यंतच्या शाळेत सुद्धा शिकवलं होतं.

मग बाहेर आलो. झाडाखाली सावलीत बसलो, मी धपाटे सोडले. पियुषरावनं श्रीनिधीला सांगितलं, ईश्वरीला कारंजे दाखवून आण. कारंजे कोरडे होते. कोरडं कारंजं काय दाखवायचं असतं? म्हंजे आता इषय निघणार. लक्ष्मीबाईनं पदर खोचला. ती चुलीपुढली, म्हशीपुढली सगळी वाक्यं मला तिच्या घशात आलेली दिसायली होती. मी धपाटा हातातच धरला.

पियुषराव गवताच्या काड्या तोडायला लागले. म्हणले, मामी, एक बोलायचं होतं. लक्ष्मीबाई म्हणली, बोला. ते म्हणले, ईश्वरी तुमच्याकडं चांगली रमलीय. लक्ष्मीबाई म्हणली, बोला. मग त्यांनी सगळं फिरून फिरून सांगितलं. श्रीनिधीला दिवस गेलेत. घर दोन खोल्यांचं. तिच्या आईचं म्हणणं पडलं की पहिल्यापासून वेगळी सवय लागलेली पोरगी, नव्या घरात तिला बी जड, ह्यांना बी जड. शाळा ताडकळसला बी हाय. फीचं, कपड्याचं ते बघतील. तर...

"तर काय?"

"तर ती तुमच्याकडंच राहिली तर बरं होईल, मामी."

"कायमची?"

पियुषराव काडी तोडायची थांबले. "तसंच समजा."

आता तुमाला वाटंल, आमी उठून नाचलो असू. पोरगी पाहिजे होती, पोरगी मिळाली, भांडण न्हाई, कोर्ट न्हाई, जावयानं आपल्या तोंडानं दिली. अहो, मला बी पहिल्या झटक्याला बरं वाटलं. धपाटा तोंडात घातला. अन् बाजूला बघितलं तर लक्ष्मीबाईचा चेहरा, कसं सांगू तुमाला, त्या शहराच्या दरवाज्यासारखा. इतक्या दिवसाची तयारी करून उभी राहिली होती, अन् आत यायला कुणी आलंच न्हाई.

तिकडं ईश्वरी कोरड्या कारंज्याच्या कडेवरून चालायली होती, श्रीनिधी तिचा हात धरून. पडशील, हळू, म्हणायली होती. मग लक्ष्मीबाई बोलली, आवाज न चढवता.

"जावईबापू, तुमी मागितली असती तर मी दिली नसती. मेले असते तरी दिली नसती. पण मागायला पाहिजे होती तुमी."

पियुषराव परत काड्या तोडायला लागले. मी म्हटलं ना, माणूस वंगाळ न्हाई. वंगाळ असता तर चार शिव्या देऊन मोकळं तरी होता आलं असतं.

माघारी निघालो. तो एसी तसाच टाळक्यावर, पण ड्रायव्हरला सांगायची ताकद राहिली न्हाई मला. ईश्वरी मधी बसून सगळ्यांना मिनार मोजून दाखवायली, अन् मग इचारलं तिनं, आजी, परभणीच्या पप्पानं तुला काय सांगितलं गं? झाडाखाली?

पुढच्या सीटवर पियुषरावांची मान ताठ झाली. लक्ष्मीबाईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं अन् म्हणली, तुला मागायले होते. मी म्हटलं, न्हाई देत.

"लय मागितलं का?"

"लय मागितलं. हात जोडले."

पियुषरावनं पुढं हात करून एसी बंद केला. पोरगी खूश होऊन झोपली.

ताडकळसला उतरलो तर दत्तराव फाट्यावरच उभे. पोरगी खांद्यावर बघितली अन् डोळ्याला पाणी आलं त्यांच्या. म्हणले, मला ठाऊक होतं, तुझ्या तोंडापुढं तो टिकणार न्हाई. लक्ष्मीबाई म्हणली, न्हाई टिकला.

आता सगळ्या गावात तेच झालंय बघा. लक्ष्मीबाईनं जावयाला मकबऱ्यात गप केलं म्हणून बाया पाण्याला आल्या की इचारतेत, अन् ईश्वरी शाळेत सांगत फिरते की मला न्यायला पप्पा लय रडले होते. आता ह्यात रडायचं कुठून आलं? पण आलं ते आलं. मी पडले खऱ्याची बाई, आजवर कुणाची भीड ठेवली न्हाई, पण आता मला बी तसंच सांगावं लागतंय. अन् तुमी बी ऐकलंय, तर तुमाला बी सांगावं लागणार. ताडकळसला कुणी इचारलं तर म्हणा, मागितली होती. लय मागितली होती.